गिअरचा ढिला दांडा

आपल्या घरीं दहा-पंधरा वर्षें वापरलेली मोटार असेल, तर तिच्या गिअरच्या दांड्याची ओळख मीं नव्यानें करून द्यावयास नको. न्यूट्रलमध्यें असतां तो आमटीच्या पातेल्यांतील डावाप्रमाणें चारी दिशांना फिरतो. गाडी धांवूं लागली कीं खडखडतो. पहिला गिअर शोधावा तर तिसरा सांपडतो, आणि रिव्हर्स घालावयाचा असेल तर दोनतीनदां चाचपून पाहावें लागतें. घरच्या माणसांना ह्या सर्वांची संवय होऊन जाते. ‘दांडा आधीं थोडा आपल्याकडे ओढायचा, मग वर ढकलायचा,’ असा गुरुमंत्र बाप मुलीला देतो, नवरा बायकोला देतो. पाहुण्याच्या हातीं गाडी देण्याची वेळ आली म्हणजे मात्र सगळ्यांच्या तोंडचें पाणी पळतें.

आज मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, ह्या दुखण्याचें मूळ बहुधा गिअरबॉक्समध्यें नसतें. तें त्याच्या बाहेर, दांड्याच्या सांध्यांत असतें. त्या सांध्यांत बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहूनहि लहान असा नायलॉनचा अथवा रबराचा तुकडा बसविलेला असतो. तो झिजला म्हणजे दांडा ढिला होतो, आणि तो बदलला म्हणजे दांडा पुन्हां ताठ उभा राहतो. बाजारांत ह्या तुकड्याला बुश म्हणतात. लहान मोटारीच्या अशा बुशांचा सबंध संच अर्ध्या टाकी पेट्रोलच्या किमतीहून कमी पैशांत मिळतो. उलट, गिअरबॉक्स उतरवून खोलावयाचा म्हणजे मजुरी आली, तेल आलें, सीलें आलीं, आणि ‘आतां उघडलाच आहे तर हेंहि बदलून घ्या’ म्हणून आणखी चार वस्तू आल्या. मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या जमाखर्चाला त्यानें सुरुंगच लागतो. पुष्कळ धडधाकट गाड्या ‘गिअरबॉक्स गेला’ ह्या एका वाक्यावर भंगारांत निघाल्या आहेत.

कोणी म्हणेल, दांडा थोडा हलला तर बिघडलें काय? जळगांवाहून एरंडोल, पारोळें करीत धुळ्यास जाणाऱ्या सरळ रस्त्यावर फारसें बिघडत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु धुळ्याहून नाशिककडे निघालें कीं लवकरच लळिंगचा घाट लागतो. आणि चाळीसगांवाहून कन्नडकडे जातांना औट्रम घाट आडवा येतो. (ज्या जेम्स औट्रमच्या नांवानें हा घाट ओळखला जातो, त्यानें एकोणिसाव्या शतकांत खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली होती, पण तो विषय निराळ्या भाषणाचा.) असा घाट उतरतांना शहाणा चालक खालचा गिअर घालतो, म्हणजे गाडीचा वेग इंजिनच आवरून धरतें आणि ब्रेकांवर सारा भार पडत नाहीं. आतां कल्पना करा, तिसऱ्यांतून दुसऱ्यांत येतांना ढिल्या दांड्यानें दगा दिला, आणि गिअर कोणताच पडला नाहीं. इंजिनाचा आवर सुटला, गाडी उताराला लागली, आणि चालकाचा एक हात व अर्धें लक्ष दांड्याशीं झगडण्यांत गुंतलें. मग उरतो तो ब्रेक. ब्रेक सतत दाबून धरला कीं तापतो, आणि तापला कीं त्याची पकड कमी होते. वळणाच्या तोंडाशीं हा प्रसंग यावा अशी इच्छा कोण करील?

दुसरा तोटा सावकाश होतो, म्हणून तो ध्यानांत येत नाहीं. तो समजण्यासाठीं दांडा आंत काय करतो हें थोडें पाहिलें पाहिजे.

गिअरबॉक्सच्या आंत दांतेरी चाकांच्या जोड्या असतात, आणि त्यांतील कोणती जोडी कामाला लावावयाची हें ठरविण्यासाठीं दोन किंवा तीन सळया असतात. प्रत्येक सळईवर चिमट्यासारखा एक फोर्क बसविलेला असतो. सळई पुढें सरकली कीं एक गिअर लागतो, मागें सरकली कीं दुसरा. म्हणजे दांड्याला कामें दोनच. आधीं आडवें सरकून कोणती सळई धरावयाची तें निवडणें, आणि मग ती सळई पुढें किंवा मागें ढकलणें. दांड्याच्या मुठीवर आंकड्यांची जी आकृति कोरलेली असते, ती ह्याच दोन हालचालींचा नकाशा होय. सरकत्या चाकांचा हा प्रकार फ्रान्समध्यें पानार-लव्हास्सोर ह्यांच्या मोटारींत १८९१ च्या सुमारास आला. चाकें न खरखरतां जुळावींत म्हणून १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत नवी योजना झाली. तेव्हांपासून आंतील रचनेंत सुधारणा पुष्कळ झाल्या. पण निवडणें आणि ढकलणें हीं हातगिअरच्या दांड्याचीं दोन कामें जशींच्या तशीं राहिलीं.

आतां सळई पुरती सरकली तरच दांते एकमेकांत पूर्ण बसतात. दांडा ढिला असेल, तर आपल्या हाताच्या हालचालीचा कांहीं भाग तो ढिलेपणा भरून काढण्यांतच खर्ची पडतो, आणि सळईला हालचाल कमी मिळते. गिअर लागल्यासारखा वाटतो खरा. पण दांते निम्मेच बसलेले असतात. सारा भार त्यांच्या कडांवर पडतो, कडा गोल होतात, आणि एक दिवस गिअर आपोआप सुटूं लागतो. त्या दिवशीं मात्र गिअरबॉक्स खरोखरच खोलावा लागतो. स्वस्त दुखणें वेळेवर पाहिलें नाहीं म्हणून महाग दुखणें जडतें, तें असें.

मी जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलें आहे; तेव्हां येथें एक हिशेब मांडल्याशिवाय मला राहवणार नाहीं. दांडा म्हणजे एक तरफ आहे. ज्या गोळीवर तो डुलतो, ती तिचा टेकू. समजा, टेकूपासून वरच्या मुठीपर्यंत अंतर तीस सेंटिमीटर, आणि टेकूपासून खालच्या टोंकापर्यंत पांच सेंटिमीटर. म्हणजे खालचें टोंक जितकें हलेल, त्याच्या सहापट मूठ हलेल. आतां खालच्या टोंकापासून गिअरबॉक्सपर्यंत तीन सांधे आहेत असें धरूं, आणि प्रत्येक सांध्यांत फक्त अर्धा मिलिमीटर पोकळी पडली आहे असें समजूं. अर्धा मिलिमीटर म्हणजे चारपांच कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढी. तीन सांध्यांची बेरीज दीड मिलिमीटर. तिला सहानें गुणा. मुठीशीं नऊ मिलिमीटर, म्हणजे सुमारें अर्धें बोट. हीच पोकळी प्रत्येक सांध्यांत एक मिलिमीटर झाली कीं मुठीशीं अठरा मिलिमीटर भरतील, पुरें एक बोट! कोणत्याहि एका सांध्याकडे पाहिलें तर ‘एवढ्यानें काय होतें’ असेंच वाटेल. पण पोकळींची बेरीज होते, आणि त्या बेरजेला तरफ गुणिते. गाडी एकाएकीं बिघडल्यासारखी वाटते ती ह्यामुळें. वस्तुतः ती वर्षानुवर्षें थोडी-थोडी झिजत आलेली असते.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू सुखाची आहे. तिन्ही सांध्यांतील पोकळी एकाच वेळीं भरून काढली, तर सुधारणाहि सहापट दिसते. म्हणून एकच बुश बदलून ‘फारसा फरक पडला नाहीं’ अशी तक्रार करण्यापेक्षां सगळे बुश एकदम बदलावे. मजुरी तीच लागते.

सांधे किती आणि कोठें, हें गाडीच्या जातीवर अवलंबून आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत ज्यांची जुळणी सुरू झाली त्या विलीज जीपगाड्या, आणि त्यांच्या वंशांतील पुढच्या जीपा आपण खानदेशांत पुष्कळ पाहिल्या आहेत. गांवोगांवच्या काळ्या-पिवळ्या जीपांत दाटीनें बसून कोणी प्रवास केला नाहीं? ह्या गाडीचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसविलेला असतो. त्याच्या मध्यावर गोळी, गोळीला जागेवर दाबून धरणारी स्प्रिंग, वर टोपण, आणि खालचें टोंक सरळ सळयांच्या खांचांत. सांधे कमी, म्हणून दुरुस्तीहि सोपी. स्प्रिंग दमते, गोळीची बैठक झिजते, किंवा खालचें टोंक घासून बारीक होतें. तिसरा उपाय तेवढा थोडा खर्चाचा. एस्.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते नगर धांवली. तेव्हांपासून कित्येक पिढ्यांनीं चालकाच्या बाजूला थरथरणारा तो लांबच लांब दांडा पाहिला आहे. दांडा जितका लांब, तितका गुणाकार मोठा. त्या थरथरीचें एक कारण हेंच.

दुसरी जात प्रीमियर पद्मिनीची, म्हणजे जुन्या फियाट अकराशेंच्या वंशाची. ह्या गाडींत दांडा जमिनींतून न येतां स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे. तेथून खालीं गिअरबॉक्सपर्यंत पोंचण्यासाठीं सळया, कोपर आणि सांधे ह्यांची मोठी सांखळी लागे; आणि प्रत्येक सांध्यांत बुश. मुंबईच्या रस्त्यांवरून ह्या जातीच्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप घेतला. तिच्यांत बसलेल्यांना चालकाचा तो सराईत हात, दांडा किंचित् उचलून झटकन खालीं ओढण्याची ती लकब, आठवत असेल. ती लकब पुष्कळदां झिजलेल्या बुशांनींच शिकविलेली असे!

तिसरी जात आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरची. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, आणि २०१४ पर्यंत ती कारखान्यांतून बाहेर पडत होती. जळगांव, भुसावळ, धुळें, कोठेंहि पाहा, तिच्यापैकीं कित्येक अजून घरच्या माणसासारख्या सांभाळलेल्या आढळतील. हिचें इंजिन पुढें आडवें बसविलेलें. त्यामुळें गिअरबॉक्सहि पुढें, आणि दांडा मात्र दोन बैठकींच्या मध्यें. हें अंतर तोडण्यासाठीं गाडीच्या पोटाखालून एक लांब सळई जाते. आपण दांडा पुढें-मागें केला कीं ती सळई सरकते. आडवा हलविला कीं ती स्वतःभोंवतीं थोडी फिरते. निवडणें आणि ढकलणें, दोन्ही निरोप एकीच्याच हातीं! तिच्या जोडीला दुसरी एक सळई असते. ती कांहीं हलवीत नाहीं. दांड्याची बैठक गिअरबॉक्सशीं बांधून ठेवणें एवढेंच तिचें काम, म्हणजे इंजिन रबरावर डुललें तरी दांडा आणि गिअरबॉक्स ह्यांच्यांतील अंतर बदलत नाहीं. ह्या दुसऱ्या सळईकडे फार जणांचें दुर्लक्ष होतें. पहिलीचे बुश बदलतात, दुसरीचें रबर कुजलेलेंच राहतें, आणि मग दांडा अर्धाच सुधारतो.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत सळयांच्या जागीं दोन तारा, म्हणजे केबल, आल्या आहेत. एक निवडण्यासाठीं, दुसरी ढकलण्यासाठीं. तारेच्या टोंकाशीं प्लॅस्टिकची वाटी असते आणि ती एका गोळीवर दाबून बसविलेली असते. ही वाटी झिजली तर दांडा ढिला होतो. फुटली तर तार निसटते आणि दांडा भर रस्त्यांत निर्जीव होतो. कांहीं गाड्यांत ही वाटी निराळी मिळते, कांहींत सबंध तारच घ्यावी लागते. तार घ्या म्हणून सांगितलें तर आधीं वाटी निराळी मिळते का, हें विचारावें.

आतां दोष कोठें आहे तें ओळखण्याची रीत सांगतों. ही मला धुळ्यास आग्रा रोडच्या अंगाला दुकान थाटलेल्या एका वृद्ध मिस्तरींनीं दाखविली. माझ्या शेजारच्या गृहस्थांची गाडी होती. दुसऱ्या एका ठिकाणीं ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असें त्यांना गाडीखालीं न वांकतांच सांगण्यांत आलें होतें. आमच्या मिस्तरींनीं मात्र आधीं एक पोतें अंथरलें, गाडीच्या पोटाखालीं डोकें घातलें, आणि शेजाऱ्यांना आंत बसवून दांडा हलवावयास सांगितला. दोन मिनिटांत ते बाहेर आले आणि हात पुशीत म्हणाले, “गुरुजी, दोष बुशना शे, गिअरबॉक्सना नही.” अहिराणीच्या त्या एका वाक्यानें शेजाऱ्यांचे किती पैसे वांचले तें मी सांगत बसत नाहीं, पण त्या दिवशीं मिस्तरींना चहाबरोबर भजींहि मिळालीं.

रीत अशी. गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावे, इंजिन बंद असावें आणि थंड झालेलें असावें. कारण सळईच्या शेजारूनच धुराडें जातें आणि तें चांगलेंच पोळतें. मग एकानें आंत बसून दांडा हळूहळू हलवावा आणि दुसऱ्यानें एक-एक सांधा क्रमानें पाहत जावें. दांडा हलला, पण त्याला जोडलेली सळई हलावयास उशीर लागला, तर दोष त्या सांध्यांत. सळईचें मागचें टोंक हललें, पण पुढचें उशिरानें हललें, तर दोष पुढच्या सांध्यांत. बोट सांध्यावर ठेवलें तर पोकळी डोळ्यांपेक्षां लवकर कळते. आणि गिअरबॉक्सच्या अंगावरचा शेवटचा कोपर दांड्याबरोबर तत्काळ व पुरता हलतो आहे, तरीहि गिअर नीट लागत नाहीं, असें दिसलें तरच संशय आंत न्यावा. ही परीक्षा करण्यापूर्वीं कोणालाहि गिअरबॉक्स उतरवूं देऊं नये. एक इशारा मात्र आवर्जून देतों: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, अगदीं क्षणभरहि, जाऊं नये. जॅक निसटतो. गाडी पक्क्या घोड्यांवर टेकविलेली असावी, नाहीं तर मिस्तरीच्या खड्ड्यावर न्यावी.

ढिल्या दांड्यासारखींच दिसणारीं पण निराळीं अशीं कांहीं दुखणीं आहेत. इंजिन बंद असतां सर्व गिअर सुखानें पडतात, पण चालूं केलें कीं खरखरतात, असें असेल तर क्लच नीट सुटत नाहीं असें समजावें. एकाच गिअरला खरखर होते, बाकीचे ठीक लागतात, तर त्या गिअरची आंतील जुळवणी करणारी कडी झिजली असावी; तेथें बुश बिचारा निर्दोष. ॲक्सिलरेटर दाबतांना आणि सोडतांना दांडा मागें-पुढें उडी मारतो, तर इंजिनाखालचीं रबरें फाटलीं आहेत का तें पाहावें. आणि दांडा ताठ असूनहि चढावर अथवा उतारावर गिअर आपोआप सुटतो, तर आंत सळईला जागेवर धरणारी लहानशी गोळी व स्प्रिंग दमली असेल, किंवा मघां सांगितल्याप्रमाणें दांत्यांच्या कडा गेल्या असतील. ह्यांवर बुशाचा इलाज चालणार नाहीं, आणि तसा तो चालेल असें कोणी सांगितलें तर विश्वास ठेवूं नये.

आतां बुश कशाचा असावा ह्याविषयीं. आपल्याकडे एक आवडता विचार आहे: नायलॉनचा बुश झिजतो ना? मग लेथवर पितळेचा कातून घ्या, कायमची कटकट गेली! हा सल्ला मोठ्या सद्भावनेनें दिला जातो, पण मला तो पटत नाहीं. बैलगाडीच्या तुंब्याचा विचार करा. आख आणि तुंबा हे दोन्ही घासावयाचेच. म्हणून त्यांच्यामध्यें झिजण्यासाठींच एखादी वस्तु ठेवलेली बरी, आणि ती स्वस्त व सहज बदलतां येणारी असली पाहिजे. बुश हा असा बळी जाण्यासाठींच घातलेला भाग आहे. तो कठीण केला तर झीज थांबत नाहीं. ती फक्त शेजारच्या पिनेवर किंवा गोळीवर जाते, आणि पिन महाग पडते. शिवाय पितळ थरथर गिळत नाहीं. इंजिनाचा सारा गुणगुणाट दांड्यावाटे हातांत आणि कानांत येतो. जुन्या जीपेच्या कांहीं सांध्यांत मुळांतच धातूचे बुश आहेत; तेथें ते जरूर असावेत. जेथें कारखान्यानें नायलॉन घातला, तेथें नायलॉनच घालावा.

‘पण आमच्या खानदेशांतील उन्हानें प्लॅस्टिक वितळतें हो,’ असेंहि ऐकूं येतें. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो हें खरें, आणि बंद मोटारींत तर तो त्याहून पुष्कळ चढतो. पण नायलॉन वितळावयास दोनशें अंशांहून अधिक उष्णता लागते. १९३५ सालीं वॉलेस कॅरदर्स ह्यांनीं अमेरिकेंत तो प्रथम तयार केला, तेव्हांपासून दांत घासण्याच्या ब्रशापासून यंत्रांतील चक्रांपर्यंत त्याचा उपयोग होत आला आहे, तो उगीच नव्हे. ज्या जळगांवांत प्लॅस्टिकच्या चटया आणि नळ तयार होतात, तेथल्या श्रोत्यांना तर हें मीं सांगावयास नको. उन्हानें नायलॉन थोडा मऊ पडतो इतकेंच. उन्हानें खरी हानि होते ती दोन वस्तूंची: ग्रीस सुकतें, आणि रबर कडक होऊन चिरतें. त्यांत आपल्याकडची धूळ! सुकलेल्या ग्रिसांत धूळ मिसळली कीं जें तयार होतें, तें लोहाराच्या घासकागदाहून निराळें नसतें. म्हणून दांड्याच्या बुडाशीं जें चुण्या-चुण्यांचें रबरी धोतर असतें, तें फाटलें असेल तर बुशांबरोबरच बदलावें. तें शोभेसाठीं लावलेलें नसतें.

प्रत्यक्ष काम सांगावयास फार नाहीं. सांध्यांतील बोल्ट किंवा पिन काढावी, वॉशर ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें एका जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवावे, जमल्यास हातांतल्या फोननें एक छायाचित्र घ्यावें. जुना बुश काढला कीं आधीं पिन पाहावी. नखानें चांचपून तिच्यावर खांच लागली तर पिनहि बदलावी. खांचेच्या पिनेवर नवा बुश म्हणजे फुटक्या घागरीला नवी चुंबळ. जागा रॉकेलनें पुसून कोरडी करावी, पातळसें ग्रीस लावावें, आणि नवा बुश हातानें किंवा लाकडाच्या ठोकळ्यानें दाबून बसवावा. हातोडा थेट मारूं नये. रबराच्या बुशाला मात्र साधें ग्रीस लावूं नये, त्यानें रबर फुगतें. तेथें सिलिकोनचें ग्रीस घ्यावें किंवा कोरडेंच ठेवावें. बोल्ट आवळल्यावर दांडा मोकळा हलला पाहिजे. फार आवळून जाम झालेला दांडा ढिल्याइतकाच वाईट. सराईत हाताला हें काम तासा-दोन तासांचें आहे. ज्यांना पान्याची संवय नाहीं त्यांनीं तें मिस्तरीकडूनच करवून घ्यावें, पण आपण उभें राहून पाहावें, आणि जुने बुश परत मागून घ्यावे.

काम झालें कीं इंजिन बंद ठेवून सर्व गिअर एकदां घालून काढावे. रिव्हर्स विसरूं नये, कारण जुळवणी थोडी चुकली तर पहिला अडखळतो तो रिव्हर्स. न्यूट्रलमध्यें सोडला असतां दांडा आपला आपण मधल्या गल्लींत येऊन उभा राहतो का तें पाहावें. मग इंजिन चालूं करून क्लच पुरता दाबून तोच क्रम, आणि त्यानंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर एक फेरी. घाटांत लगेच जाऊं नये.

बुश विकत घेतांना दुकानदाराला नुसतें गाडीचें नांव सांगून भागत नाहीं. त्याच नांवाच्या गाडींत निरनिराळ्या सालीं निरनिराळे बुश असूं शकतात. म्हणून नोंदणीच्या पुस्तकावरून सालहि सांगावें, आणि शक्य तर जुना तुकडा बरोबर न्यावा. तो किती झिजला आहे ह्याची काळजी नको. बाहेरचा व्यास आणि उंची बहुधा शाबूत असते आणि तेवढ्यावर दुकानदार ओळखतो. नवा तुकडा बोटांत धरून पाहावा: कडा स्वच्छ असाव्या, आंतील भोंक गोल असावें, आणि पिनेवर तो हाताच्या जोरानें, पण डुगडुगल्यावांचून बसावा. सैल बसणारा बुश कितीहि स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. आणि घ्यावयाचाच तर एक संच जास्त घेऊन गाडीच्या खणांत ठेवावा. जुन्या गाडीचे हे लहान तुकडे आज मिळतात, पण पांच वर्षांनीं मिळतीलच असें नाहीं.